ऊन आलं गळ्याशी!

सकाळी साडेनऊला पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलवर नजर टाका. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंत ग्लोव्हज... आणि खाली? स्कार्फची गाठ मागे, कुर्त्याचा गळा पुढे सताड उघडा! मुलांचं तर विचारूच नका. शर्टाचं वरचं बटण उघडं आणि हेल्मेट (असलंच तर) हनुवटीपाशी संपतं. मग कुणाच्या तरी लग्नात जरा खोल गळ्याचा ब्लाऊज घालावा, तर फोटोत चेहरा एका रंगाचा, छाती दुसऱ्या रंगाची आणि मधोमध ठसठशीत ‘व्ही’. माझाही आहे, पाच वर्षं सांभाळलेला.

आता साधा टॅन असेल तर ऊन टाळल्यावर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उतरतो. पण गळ्यावर ठिपकेदार तपकिरी डाग, बारीक लालसर जाळी आणि पातळ, चुरगळल्यासारखी त्वचा दिसायला लागली, तर तो टॅन नव्हे, ते डॅमेज. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अशील सिव्हात यांनी 1923 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून नाव ‘पॉइकिलोडर्मा ऑफ सिव्हात’. ओळखायची सोपी खूण म्हणजे आरशासमोर मान वर करा. हनुवटीच्या सावलीत राहणारा भाग स्वच्छ आणि त्याच्या खालचा, दोन्ही बाजूंचा भाग डागाळलेला असेल, तर उन्हाचीच करामत. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली फारशी दिसत नाही, तपकिरी छटाच जास्त उठून दिसते.

‘मी तर कॅबनं जाते’ म्हणणाऱ्यांनी खूश होऊ नये. काच यूव्हीबी बहुतांशी अडवते, पण यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत सोडते. आणि त्वचेच्या खोलवर जाऊन कोलॅजन तोडणारे किरण ते हेच.

इथे एक ब्रेक घेऊ. मानेच्या मागे किंवा घड्यांमध्ये काळपट, जाडसर, मखमलीसारखी त्वचा असेल, तर उन्हाला दोष देऊ नका. आई ‘मळ साचलाय, घास जरा’ म्हणते, आणि आपण घासत बसतो. तो मळ नसतो! त्याला म्हणतात अकॅन्थोसिस नायग्रिकन्स. बहुतेक वेळा त्याचा संबंध वाढलेलं वजन, पीसीओएस आणि इन्शुलिन नीट काम न करण्याशी असतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या जमातीनं अशा वेळी स्क्रबच्या आधी शुगर तपासून घ्यावी.

खरं डॅमेज असेल तर उपचार आहेत, पण घाई चालत नाही. चेहऱ्याच्या मानानं मानेवर आणि छातीवर तैलग्रंथी कमी, त्यामुळे जखम सावकाश भरते. चेहऱ्याला चालणारं क्रीम किंवा पील इथे सरळ आग लावू शकतं. म्हणून डॉक्टर ट्रेटिनॉइनसारखं रेटिनॉइड बऱ्याचदा कमी ताकदीचं आणि एक दिवसाआड रात्री देतात (प्रेग्नन्सी प्लॅन करत असाल तर आधी सांगा). जोडीला अझेलिक अ‍ॅसिड किंवा व्हिटॅमिन सी. लेझरच्या जाहिराती पाहून हुरळू नका. लेझर आणि आयपीएलचा प्रकाश त्वचेतलं मेलॅनिन शोषतं, आणि ते आपल्यात भरपूर. हात चुकला की भाजून उलट नवा काळा डाग! ‘माझ्यासारख्या स्किनवर आधी केलंय का? टेस्ट पॅच करणार का?’ हे दोन प्रश्न खुर्चीत बसायच्या आधी विचारा.

घरगुती उपायांत लिंबू मात्र हद्दपार करा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा अक्षरशः पोळते आणि डाग महिनोन्महिने राहतात.

त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब. माझ्या एका मैत्रिणीनं साखरपुड्याआधी दोन महिने ती गळ्याला चोपडली. सुरुवातीला जादू! थांबवल्यावर लाल चट्टे, खाज, पुटकुळ्या. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. साखरपुड्याला बिचारी बंद गळ्याचा ब्लाऊज घालून घामाघूम झाली होती. चेहऱ्या-गळ्याला लावायच्या अनेक स्टिरॉइड क्रीम्सना 2018 मध्ये सरकारनं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकलंय, तरी काउंटरवर मागितलं की मिळतंच.

आणि हो, सनस्क्रीन. एसपीएफ 30 किंवा जास्त, शिवाय ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीए+++ लिहिलेलं, कारण एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचाच हिशोब सांगतो. ते हनुवटीवर संपवू नका. कान, मान, गळा, छातीचा उघडा भाग, सगळीकडे लावा, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. स्कार्फची गाठ मागे मारण्याऐवजी टोकं पुढे सोडली तर फुकटात निम्मं काम होतं.

फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. लग्न डिसेंबरात असेल तर डॉक्टरची अपॉइंटमेंट जूनमध्ये घ्या. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पार्लरवालीनं कितीही गळ घातली तरी नवा पील करून घेऊ नका.