पिल्लू कितव्या दिवशी मेलं, ते आधी पाहा



थंडी पडली की आपल्या नरडाणा भागातून एकाच प्रकारचे फोटो येतात. ब्रूडरमध्ये चार-सहा पिल्लं मेलेली आणि खाली प्रश्न: "कोणतं औषध देऊ?" औषधाचं नंतर बघू. आधी पिल्लांचं वय सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

*पहिला आठवडा: बेंबी आणि ऊब*

मेलेलं पिल्लू उलटं करून पोट पाहा. पोट फुगलेलं, बेंबी ओली-काळी आणि घाण वास असेल, तर ती बेंबीची कुज. हा दोष बहुतेक वेळा हॅचरीतूनच येतो. अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत. त्यांना वेगळं काढा, मोजा, फोटो काढा आणि हॅचरीला त्याच दिवशी कळवा.

बेंबी कोरडी आहे, पण सकाळी एका कोपऱ्यात ढीग होऊन पिल्लं दगावलेली दिसतात? मग रात्री ऊब कमी पडली. गारठलेल्या पिल्लाच्या मागच्या बाजूला विष्ठा चिकटून गोळा होतो. कोमट पाण्याने तो भिजवून हळूच काढा, ओढू नका. आणि आधी ऊब वाढवा.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करा. थंडीत एका पिल्लामागे २ वॅटचा हिशोब धरा, म्हणजे १०० पिल्लांना २०० वॅट. हे साध्या पिवळ्या बल्बचं गणित आहे, एलईडी ऊब देत नाही. थर्मामीटर नसेल तर पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी असेल तर थंडी. बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख पसरलेले तर उष्णता जास्त. सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर बरोबर. ही पाहणी पहाटे ४ ला करा, दुपारी नाही.

लाइट गेल्यावर सिगडी ठेवणार असाल तर धूर विझलेले, लाल झालेले निखारेच आत न्या आणि शेडचा वरचा भाग उघडा ठेवा. पडदे चारी बाजूंनी घट्ट लावले तर निखाऱ्यांच्या वायूने पिल्लं गुदमरतात. त्या वायूला वास नसतो, म्हणून कळतही नाही.

*दुसरा आठवडा: हगवण आणि धाप*

ऊब नीट करूनही पांढरी चिकट हगवण थांबत नसेल आणि मर वाढत असेल, तर साल्मोनेलाच्या पांढऱ्या हगवणीचा संशय घ्या. हा रोग आजारी कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरतो. इथे डॉक्टरांचं औषध लागतं.

चोच उघडी ठेवून धाप लागते, पण घरघर ऐकू येत नाही? मग तूस हातात घेऊन वास घ्या. कुबट वास म्हणजे बुरशी. ओल लागलेली भुईमुगाची टरफलं किंवा भिजलेल्या मक्याचा भरडा वापरला की हे होतं. ही बुरशी फुप्फुसात जाते, तिथे अँटिबायोटिक चालत नाही. तूस आणि खाद्य दोन्ही बदला.

*तिसऱ्या आठवड्यापासून: रक्ती हगवण, गंबोरो, मानमोडी*

विष्ठेत रक्त, पिल्लू पंख पाडून बसलेलं: कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण. मूळ कारण ओलं तूस. डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲम्प्रोलियम द्या, पण भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढलं नाही तर रोग परत येतो.

पाण्यासारखी पांढरी हगवण, पिल्लू स्वतःच्याच मागच्या बाजूला चोच मारतं: गंबोरो. हिरवी हगवण, मान वाकडी: राणीखेत, म्हणजेच मानमोडी. या दोन्हींवर औषध नाही, लस आहे. साधारणपणे ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो आणि चौथ्या आठवड्यात लासोटाचा दुसरा डोस देतात. नेमका दिवस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लस बर्फात आणा आणि आजारी बॅचला टोचू-पाजू नका.

*एकदम मर झाली तर अंदाज नको*

आपल्या खानदेशातलंच नवापूर आठवा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. सुरुवातीला अनेकांना ती राणीखेतचीच मर वाटली होती. २०२१ मध्ये तिथे पुन्हा बर्ड फ्लू आला. बाहेरून दिसणारी लक्षणं फसवतात. म्हणून एका दिवसात अचानक खूप पक्षी मेले तर माल विकू नका, मेलेले पक्षी नाल्यात टाकू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ ला फोन करा. मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, डॉक्टर येईपर्यंत शेडमध्ये कुणाला सोडू नका.

रोजची किरकोळ मर असेल तर हातमोजे घालून ताजं मेलेलं पिल्लू दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून शवविच्छेदनाला न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका. आणि शेजाऱ्याने दिलं म्हणून कोलिस्टीन पाण्यात टाकू नका. कोंबड्यांसाठी त्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.

आज एक वही ब्रूडरजवळ टांगा. तारीख, पिल्लांचं वय, मेलेली संख्या, पहाटेचं तापमान, एवढे चार रकाने पुरेत. पुढच्या वेळी फोटोसोबत त्या पानाचाही फोटो पाठवा, म्हणजे उत्तर लवकर आणि नेमकं देता येईल.

आपला,
कृषी सल्लागार