ॲल्युमिनियमची बोट आणि जस्ताचा तुकडा

ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण धरून चालतो, कारण लोखंडासारखा तांबडा गंज त्याच्यावर दिसत नाही. पण चिंचेची आमटी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर ठेवू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, मात्र ऑक्सिजन मिळायला हवा. बोटीत फळ्यांखाली ओला फोम किंवा गालिचा महिनोन्‌महिने दाबून राहिला, की तिथे तो मिळत नाही. खारं पाणी पापुद्रा फोडतं, पांढरी भुकटी दिसू लागते आणि खाली खड्डा खोल जात असतो. पत्रा असतो काही मिलिमीटरचा. आरपार भोक पडायला किती वेळ लागणार?

दुसरा शत्रू म्हणजे शेजार. न्यायशास्त्रात ‘कारणसामग्री’ म्हणतात: सगळी कारणं जमली तरच कार्य घडतं. इथे सामग्री अशी: दोन वेगळे धातू, त्यांना जोडणारं पाणी आणि त्यांचा एकमेकांशी विजेचा संपर्क. ॲल्युमिनियमला तांबं किंवा स्टेनलेस स्टील भेटलं, की झिजतं ते ॲल्युमिनियम. समुद्र काही हटवता येत नाही. म्हणून स्पर्श तोडायचा, बोल्टखाली नायलॉनचं वॉशर घालायचं. आणि तांब्याचा शेवाळरोधक रंग ॲल्युमिनियमच्या बोटीला कधीही लावायचा नाही.

उरतो तिसरा उपाय, आणि आम्हाला सगळ्यात गमतीचा वाटतो तो हाच. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. तांबं वाचलं! पण झिजणारं तांबंच शेवाळाला, कालवांना दूर ठेवत होतं. आता ती बुडाला चिकटली, जहाजं मंदावली आणि नौदलाने तो उपाय सोडला. डेव्ही चुकले नव्हते, प्रश्न अर्धाच विचारला गेला होता.

ॲल्युमिनियमच्या बोटीला तीच युक्ती चालते. समुद्रात जस्ताचा तुकडा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. मॅग्नेशियम समुद्रात नको, तिथे ते अती करतं आणि उलट ॲल्युमिनियमलाच इजा होते. तुकड्यावर रंग मारू नका, आणि तो निम्मा झिजला की बदला. वर्षभरात तो जसाच्या तसा राहिला, तर पैसे वाचले म्हणून खूश होऊ नका. त्याचा बोल्ट सैल आहे का, ते आधी बघा.