मिग-२१ : गुडबाय म्हणताना हिशेब तर मांडू!

‘रंग दे बसंती’ कितीदा पाहिलाय? माझा आकडा विचारू नका. २००६चा तो सिनेमा, फ्लाइट लेफ्टनंट झालेला माधवन, कोसळलेलं मिग-२१ आणि पेटून उठलेली दोस्तमंडळी. आपल्यापैकी अनेकांची या विमानाशी ओळख झाली ती अशी, टीव्हीसमोर रुमाल शोधताना. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये हे विमान हवाई दलातून रिटायर झालं, तेव्हा माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येत होते. एक, ‘सॅल्यूट!’ आणि दुसरा, ‘सुटलो त्या उडत्या शवपेटीतून!’ यातलं खरं काय? बॉस, दोन्ही.

नाशिकचा पत्ता

हे रशियन विमान १९६३मध्ये चंदीगडलाच भारतीय हवाई दलात आलं. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने उडणारं आपलं पहिलं लढाऊ विमान. पुढे त्याचा पत्ता चक्क मराठी झाला. नाशिकजवळच्या ओझरला ‘एचएएल’चा कारखाना उभा राहिला आणि भारतात ६००हून अधिक मिग-२१ तयार झाली. १४ डिसेंबर १९७१ला ढाक्यातल्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट्स सोडली ती याच विमानांनी. त्याच दिवशी गव्हर्नरने राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्य शरण आलं. २०१९च्या फेब्रुवारीत अभिनंदन वर्धमान ज्यात होते, तेही मिग-२१च, सुधारित ‘बायसन’.

महिन्याला एक

आता दुसरी बाजू. २०१२मध्ये संसदेत सरकारनेच आकडा दिला : मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातात गेली. १७१ पायलट आणि ३९ सामान्य नागरिक मृत्युमुखी पडले. साधारण चाळीस वर्षांचा हिशेब आहे हा. म्हणजे सरासरी महिन्याला एक विमान!

पण मग सिनेमातल्यासारखा एखादा भ्रष्ट मंत्री पकडला की विषय संपला? इतकं सोपं नाहीये ते. एक म्हणजे, आपल्या लढाऊ ताफ्याचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षं मिग-२१चाच होता. जे जास्त उडणार, त्याचे अपघातही जास्त दिसणार. दुसरं, इंजिन एकच. पक्षी आत गेला किंवा इंजिन बंद पडलं, तर हाताशी उरतात मोजके सेकंद. तिसरं, पंख छोटे, त्यामुळे लँडिंगचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून जास्त.

आणि चौथं कारण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं : ट्रेनिंग. ‘किरण’सारख्या संथ विमानावर शिकलेली पोरं थेट मिगमध्ये बसायची. स्कूटीवरून उतरून एकदम रेसिंग बाइकवर! मधली पायरी हवी, असं १९८२च्या ला फाँटेन समितीने सांगितलं होतं. ‘हॉक’ ट्रेनर हवाई दलात दाखल झालं २००८मध्ये. तब्बल सव्वीस वर्षांनी!

एका आईचा प्रश्न

१७ सप्टेंबर २००१ला राजस्थानात सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-२१ कोसळलं. ठपका पायलटवर आला. पुण्यात त्यांची आई, कविता गाडगीळ, गप्प बसल्या नाहीत. मिगच्या सुरक्षिततेबद्दल त्या जाहीरपणे प्रश्न विचारत राहिल्या. मला वाटतं, ‘पायलटची चूक’ हे दोन शब्द वाचताना आपणही थांबायला हवं. चूक झालीही असेल, पण त्या मुलाला तिथवर किती तयारीने पाठवलं होतं?

आता पुढे?

मिगची जागा घेणारं देशी विमान बनवायचं, असं १९८३मध्ये ठरलं. ‘तेजस’चं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं २०१६मध्ये. तोवर म्हातारं मिग खेचत राहिलो. मे २०२३मध्ये राजस्थानात हनुमानगडला ते एका घरावर पडलं. पायलट वाचला, गावातल्या तीन बायका गेल्या.

१७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या ‘तेजस मार्क १ए’ने तिथूनच उड्डाण केलं. मस्त वाटलं! फक्त, डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलल्याची बातमी आली की ती स्क्रोल करून पुढे जाऊ नका, मंडळी. त्या तारखेपर्यंत कुणाचा तरी पोरगा जुनंच विमान उडवत असतो.