मायक्रोवेव्ह नुसता चहा गरम करायला नाही! पाणी, झाकण अन् थांबणं जमलं की स्वयंपाक जमतो

सातारा : पुण्या-मुंबईला कामाला असलेली पोरं दिवाळीला, गणपतीला गावी येताना घरच्यांसाठी काही ना काही वस्तू आणतात. माण-खटावपासून विटा-आटपाडीपर्यंत बऱ्याच घरांत अशाच वाटेनं मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे. पण वापर किती? सकाळचा गार झालेला चहा, रात्रीची आमटी, फार तर पापड. बाकी वेळ त्यावर कपडा अन् कपड्यावर फुलदाणी. "त्यात केलेलं चवीला लागत नाही, भाकरी चामड्यासारखी होते, भात वरून तापतो अन् आतून गारच राहतो," अशी तक्रार घरोघरी ऐकू येते.

तक्रार खोटी नाही. पण हे यंत्र चुलीसारखं किंवा गॅससारखं चालत नाही. ते कसं तापवतं हे एकदा समजलं, की कुठलं काम त्याला द्यायचं अन् कुठलं तव्याला, हे आपोआप कळतं. शिवाय काही चुका चवीपुरत्या नसतात, जिवावर बेतू शकतात. म्हणून ही माहिती.

हे यंत्र तापवतं कसं?

दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधायला रडार वापरत. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारचे भाग तयार होत. तिथल्या पर्सी स्पेन्सर या तंत्रज्ञाच्या खिशातलं चॉकलेट १९४५ च्या सुमारास चालू यंत्राजवळ वितळलं, अन् त्यातून स्वयंपाकाच्या ओव्हनची कल्पना पुढं आली, असं सांगतात. सुरुवातीचे ओव्हन माणसाच्या उंचीचे अन् तीनशे किलोच्या वर वजनाचे होते.

आजच्या ओव्हनमध्येही तोच मॅग्नेट्रॉन नावाचा भाग असतो. त्यातून निघणाऱ्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना सेकंदाला अब्जावधी वेळा इकडून तिकडं फिरवतात. त्या हालचालीतून उष्णता तयार होते. म्हणजे इथं भांडं तापून अन्न तापत नाही, अन्नातलं पाणीच तापतं. लहरी ओल्या पदार्थात साधारण एक इंचापर्यंतच जोर धरतात. त्याच्या आतला भाग बाहेरची उष्णता आत सरकत गेली की शिजतो.

पाणी उकळतं १०० अंशाला. म्हणून नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ उकडतो, वाफवतो, पण तव्यासारखा खरपूस होत नाही. भाकरीचा पापुद्रा, फोडणीचा ठसका, चुलीचा धुरकट वास यातून मिळणार नाही. ते काम तव्याचं अन् कढईचंच.

बटण बंद झालं की लहरी संपल्या, दिवा बंद केल्यावर उजेड संपतो तशा. त्या अन्नात साठून राहत नाहीत. मात्र दार वाकलं असेल, काच तडकली असेल किंवा दार नीट बसत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन चालवू नये.

आपला ओव्हन किती ताकदीचा?

पुस्तकात किंवा मोबाईलवर "पाच मिनिटं ठेवा" असं सांगतात, पण ते किती वॅटच्या ओव्हनला, हे सांगत नाहीत. कुणाचा ७०० वॅटचा, कुणाचा ९०० चा. ९०० वॅटला पाच मिनिटं लागत असतील तर ७०० ला साधारण साडेसहा मिनिटं लागतात.

घरी तपासायची सोपी रीत आहे. काचेच्या मोठ्या कपात २५० मिली साधं पाणी घ्या, त्यात लाकडी चमचा उभा ठेवा अन् पूर्ण ताकदीवर चालू करा. दोन मिनिटांच्या आत उकळी आली तर ओव्हन चांगल्या ताकदीचा. अडीच मिनिटं किंवा जास्त लागली तर कमी ताकदीचा. हीच तपासणी एकदा दुपारी अन् एकदा संध्याकाळी करून बघा. शेतातल्या वस्तीवर मोटारी सुरू झाल्या की दिवा मंद होतो. व्होल्टेज असं उतरलं की ओव्हनचा जोरही उतरतो अन् तोच पदार्थ शिजायला जास्त वेळ लागतो.

"५० टक्के पॉवर" म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवं. बहुतेक साध्या ओव्हनमध्ये लहरी अर्ध्या ताकदीनं निघत नाहीत, तर थोडा वेळ चालू अन् थोडा वेळ बंद होतात. घुरघुर मध्येच थांबते ती त्यामुळंच. त्या बंद वेळात उष्णता आत मुरते. दूध, खरवस, गोठलेलं मटण यांना ही कमी पॉवरच लागते. घाईनं सगळं पूर्ण जोरावर ठेवणं ही सर्वांत मोठी चूक.

पाच गोष्टी लक्षात ठेवा

१) जाडी सारखी ठेवा. बटाट्याची एक फोड मोठी अन् एक बारीक असेल तर एक कच्ची राहणार, दुसरी वाळणार. फोडी सारख्या करा.

२) मधली जागा मोकळी ठेवा. बटाटे, रताळी, कणसं फिरत्या ताटलीच्या कडेनं गोल मांडा, जाड बाजू बाहेर. भांडंही गोलच बरं. चौकोनी भांड्याचे कोपरे आधी करपतात.

३) झाकण ठेवा, पण घट्ट नको. वाफ आत राहिली की पदार्थ सारखा शिजतो अन् कोरडा पडत नाही. पण वाफेला बाहेर पडायला फट हवी. उघडताना झाकणाची आपल्यापासून लांबची बाजू आधी उचला, नाहीतर वाफ थेट हातावर, तोंडावर येते. शेंगदाणे अन् पापड मात्र उघडेच ठेवायचे, कारण त्यातली ओल बाहेर काढायची असते.

४) मध्येच हलवा. बाहेरचा गरम भाग आत अन् आतला गार भाग बाहेर आला पाहिजे. मीठ कोरड्या भाजीवर वरून भुरभुरू नका, पाण्यात विरघळवून घाला. नाहीतर मीठ पडलेली जागा वाळते.

५) शिजल्यावर थांबा. ओव्हन बंद झाला तरी आत शिजणं चालूच असतं. झाकण ठेवून दोन ते पाच मिनिटं तसंच राहू द्या. म्हणून वेळ थोडा कमी लावा, थांबा, बघा, लागला तर वाढवा. जास्त झालेलं मागं घेता येत नाही.

माल दुप्पट केला तर वेळ साधारण दीडपट लागतो. एक बटाटा चार-पाच मिनिटांत होतो, चार बटाट्यांना दहा-अकरा मिनिटं लागतात. वीस माणसांचं जेवण यात करायला जाऊ नये. तिथं पातेलंच बरं.

आपल्याकडचे पदार्थ : काय जमतं

पुढचे वेळ साधारण ८०० वॅटच्या ओव्हनचे आहेत.

शेंगदाणे : एक वाटी दाणे पसरट भांड्यात घ्या. दोन मिनिटं ठेवून हलवा, परत एक मिनिट, परत हलवा. मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं बघा. एकूण चार-पाच मिनिटं लागतात. बाहेर काढल्यावरही रंग चढतो, म्हणून थोडे आधीच काढा. गार झाले की कुरकुरीत होतात. चटणीला, कुटाला उत्तम.

मक्याचं कणीस : पानासकट ठेवा. एकाला तीन-चार मिनिटं. दोन मिनिटं थांबून पानं सोला, केसर पानांबरोबरच निघून येतं.

वांग्याचं भरीत : कृष्णाकाठच्या वांग्याला तेलाचा हात लावा अन् सुरीनं सात-आठ ठिकाणी टोचा. टोचलं नाही तर आत वाफ कोंडून वांगं फुटतं. मोठं वांगं सहा ते आठ मिनिटं, मध्ये एकदा पलटा. नंतर गॅसच्या आचेवर दोन मिनिटं धरा, म्हणजे धुरकट वासही येतो अन् गॅसही थोडाच जळतो.

पालेभाजी : मेथी, पालक धुऊन अंगावरच्या पाण्यासकट झाकून तीन मिनिटं. वेगळं पाणी नको. लसूण-मिरचीची फोडणी कढईत करून वर घाला. थोडं पाणी अन् कमी वेळ, यामुळं भाजीतलं सी जीवनसत्त्वही जास्त टिकतं.

खरवस : गोठ्यात गाय-म्हैस व्याली की हा प्रयोग जरूर करा. पहिल्या दिवसाचा दाट चीक एक वाटी, तेवढंच दूध, अर्धी वाटी चिरलेला गूळ, वेलदोडा. गूळ विरघळवून गाळून घ्या. भांडं अर्धंच भरा, झाका, ५० टक्के पॉवरवर सात-आठ मिनिटं ठेवा. सुरी मधोमध घालून बघा. ओली आली तर एक-एक मिनिट वाढवा. मग दहा मिनिटं तसंच ठेवा. पूर्ण पॉवर लावली तर खरवसाला भोकं पडतात अन् पाणी सुटतं.

भात : जमतो, पण कुकरपेक्षा वेळ वाचत नाही. एक वाटी तांदूळ अर्धा तास भिजवून, दोन वाट्या पाणी घालून, खोलगट भांड्यात दहा-बारा मिनिटं, मग पाच मिनिटं मुरू द्या. इंद्रायणीला पाणी थोडं कमी घाला.

चपाती : ओलसर सुती कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस सेकंद, अन् लगेच खा. जास्त वेळ ठेवली की ओल उडून जाते अन् चामडं होतं. भाकरी तव्यावरच गरम करा.

काय अजिबात करू नये

वाघ्या घेवडा किंवा राजमा यात शिजवू नये. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा जीआय मानांकनामुळं नावाजला आहे, पण तो राजम्याच्याच जातीचा. या दाण्यात एक विषारी घटक असतो. तो चांगल्या उकळीवर किमान दहा मिनिटं शिजल्यावरच जातो. अर्धकच्चा राहिला तर उलट्या, जुलाब होतात. ओव्हनमध्ये सगळे दाणे सारखे उकळतील याची खात्री नाही. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका अन् कुकरलाच लावा.

अंडं कवचासकट ठेवू नका. उकडलेलं, सोललेलं अंडंही परत गरम करताना फुटतं, कधी कधी खाताना तोंडाजवळ.

नुसतं पाणी जास्त वेळ तापवू नका. गुळगुळीत कपात ते उकळीच्या वर तापूनही शांत दिसतं. मग चहापत्ती टाकली किंवा धक्का लागला की एकदम उसळतं. लाकडी चमचा ठेवायला सांगितला तो यासाठीच.

तळण करू नका. तेल किती तापलं हे कळत नाही अन् भडका उडू शकतो.

तान्ह्या बाळाच्या दुधाची बाटली यात गरम करू नका. बाटली बाहेरून कोमट लागते अन् आत एखाद्या जागी दूध कढत असतं.

रात्रभर बाहेर राहिलेला भात गरम केला म्हणजे चांगला झाला, असं नाही. त्यात जंतूंनी विष तयार केलं असेल तर ते पुन्हा तापवूनही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा अन् गरम करताना मध्यापर्यंत वाफ येऊ द्या.

फ्रीजरमधलं मटण-चिकन ३० टक्के पॉवरवरच सैल करा. बर्फ लहरी कमी शोषतो, पाणी जास्त. म्हणून वितळलेली कड शिजून जाते अन् मधे बर्फ तसाच राहतो. सैल झालं की लगेच शिजवा, परत ठेवू नका.

भांडी अन् वीज

आपल्या घरात भांडी स्टीलची, पितळेची, जर्मनची. लहरी धातूतून आत जात नाहीत, ठिणग्या उडतात. सोनेरी काठाची कपबशीही चालत नाही. लग्नाकार्यात मिळणारी मेलामाइनची ताटं नकोत. उष्णता सोसणारी काच किंवा साधी चिनी माती घ्या. भांड्याची शंका असेल तर ते रिकामं भांडं अन् शेजारी कपभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा. पाणी तापलं अन् भांडं गार राहिलं तर ते चालतं. धातूच्या भांड्यावर मात्र ही परीक्षा करू नका. ओव्हन पूर्ण रिकामा कधीही चालवू नये.

८०० वॅटचा ओव्हन प्रत्यक्षात साधारण १२०० ते १३०० वॅट वीज ओढतो. म्हणजे पाच मिनिटांना युनिटचा दहावा हिस्सा. महावितरणच्या बिलावरच्या दरानं गुणलं की खर्च कळतो. एक-दोन वाट्यांचं काम असेल तर तो परवडतो. तासभर शिजणाऱ्या मटणाला परवडत नाही.

प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अन् नीट अर्थिंग असलेल्या जागीच लावा. मोबाईल चार्जिंगच्या एक्सटेन्शन बोर्डावर लावला तर वायर तापून जळू शकते. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालवू नये. व्होल्टेज फारच वरखाली होत असेल त्या वेळी तो बंद ठेवावा.

सुरुवात पापड, शेंगदाणे अन् कणसापासून करावी. आठवडाभरात आपल्या ओव्हनचा अंदाज येतो. कुठल्या पदार्थाला किती वेळ लागला हे पेन्सिलीनं कागदावर लिहून तो ओव्हनच्या बाजूला चिकटवावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना तो उपयोगी पडतो, अन् "किती मिनिटं लावू?" असं विचारायला पुण्याला फोन लावावा लागत नाही.