गुण मोजायचे म्हणजे नेमकं काय? करीम अब्दुल-जब्बारच्या ३८,३८७ गुणांची गोष्ट

मागच्या वेळी आपण संख्येच्या प्रश्नाशी थांबलो होतो. वैशेषिकांचं मत सांगून झालं होतं आणि वेळ संपली. जाताना एका श्रोत्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली: "सर, घट आणि पट सोडून एखादं उदाहरण द्या." (हशा) तक्रार रास्त आहे. आमच्या शास्त्रात दोन हजार वर्षं तेच मडकं आणि तेच वस्त्र चालू आहे. म्हणून आजचा सगळा तास एकाच उदाहरणाचा, आणि तेही बास्केटबॉलचं.

हे उदाहरण माझं नाही, माझ्या नातवाचं. तो शाळेच्या संघात खेळतो. फेब्रुवारी २०२३ मधली एक सकाळ. त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. लॉस एंजेलिसमध्ये लेकर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर यांचा सामना चालू होता. तिसरं सत्र संपत आलेलं, लेब्रॉन जेम्सने मागे झुकत चेंडू टाकला, तो बास्केटमध्ये गेला आणि खेळ थांबला. कुटुंबीय मैदानात आले, भाषण झालं. एक उंच, वयस्कर गृहस्थ पुढे झाले आणि त्यांनी चेंडू जेम्सच्या हाती दिला. ते करीम अब्दुल-जब्बार. जवळजवळ एकोणचाळीस वर्षं सर्वाधिक गुणांचा विक्रम त्यांच्या नावावर होता.

नातू म्हणाला, "आजोबा, आता या आजोबांचं काय?"

मी म्हटलं, "काय म्हणजे?"

"म्हणजे त्यांचे पॉइंट्स तेवढेच आहेत. पण ते आता दुसरे झाले. त्यांनी तर काहीच केलं नाही. नुसते खुर्चीत बसले होते."

बघा, तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा येतो. ज्या माणसाने त्या रात्री काहीच केलं नाही, त्याच्या बाबतीत काय बदललं? बदललं असेल, तर ते 'त्याच्यात' बदललं का?

आता त्या माणसाकडे वळू. करीम जवळपास माझ्याच पिढीचा, म्हणून यापुढे एकेरी बोलतो, राग मानू नका. जन्म न्यूयॉर्कचा, १९४७. पाळण्यातलं नाव फर्डिनांड लुईस अल्सिंडॉर, लोक 'ल्यू' म्हणत. उंची सात फूट दोन इंच. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडन या प्रशिक्षकांच्या हाताखाली तो खेळला. तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेत नसत. उरलेल्या तीन वर्षांत त्याच्या संघाने ८८ सामने जिंकले आणि दोन हरले. १९६७, ६८, ६९, तिन्ही वर्षं राष्ट्रीय विजेतेपद.

या काळात एक गोष्ट घडली, ती विक्रमांच्या यादीत सापडणार नाही. १९६७ मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये 'डंक' करायला, म्हणजे उडी मारून चेंडू थेट वरून रिंगमध्ये कोंबायला, बंदी आली. ती १९७६ पर्यंत टिकली. हा नियम ल्यूला अडवायलाच केला असं तेव्हापासून अनेकांचं मत आहे. एक दार बंद झालं, तर त्याने दुसरं घासूनपुसून घेतलं. त्याचं नाव स्कायहूक. खेळाडू बास्केटकडे तोंड न करता कुशी करून उभा राहतो. म्हणजे प्रतिस्पर्धी आणि चेंडू यांच्यामध्ये त्याचं अख्खं शरीर येतं. मग लांबचा हात पूर्ण ताणून वर नेतो आणि अगदी शिखरावर, मनगटाच्या हलक्या झटक्याने चेंडू सोडतो. अडवणाऱ्याला तिथपर्यंत पोहोचायचं तर आधी हा देह ओलांडायला हवा. वीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं की आता हा काय करणार, आणि तरी कुणाला फारसं काही करता आलं नाही. गायक एकच राग आयुष्यभर गातो आणि तो शिळा होत नाही, तसं काहीसं.

१९६९ मध्ये तो व्यावसायिक झाला, मिलवॉकी बक्सकडून. १९७१ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनच्या साथीने विजेतेपद मिळालं, आणि लगोलग त्याने कायद्याने नाव बदललं: करीम अब्दुल-जब्बार. इस्लाम त्याने आधीच, १९६८ मध्ये स्वीकारला होता. आता गंमत पाहा. पहिल्या दोन हंगामांतले जवळपास पाच हजार गुण ल्यू अल्सिंडॉरने केले, उरलेले करीमने. पुस्तकात बेरीज एकच. मी वर्गात व्यक्तीच्या तादात्म्याचा प्रश्न शिकवायला आठ तास घ्यायचो, गुणलेखक तो एका ओळीत सोडवतो! (हशा) पण त्या माणसाला विचारलं तर नाव बदलणं हा कारकिर्दीतला केवढा मोठा टप्पा असेल. लोक रागावले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्या टप्प्याला गुण शून्य.

पुढचं भराभर सांगतो. १९७५ मध्ये तो लेकर्सकडे गेला. एकूण सहा विजेतेपदं, सहा वेळा हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. ५ एप्रिल १९८४ ला लास वेगासमध्ये युटा जॅझविरुद्ध मॅजिक जॉन्सनने पास दिला, समोर मार्क ईटन, तो याच्याहूनही उंच, सात फूट चार इंच. स्कायहूक. विल्ट चेंबरलेनचा ३१,४१९ गुणांचा विक्रम मागे पडला. १९८९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा वीस हंगाम, १,५६० सामने, ३८,३८७ गुण.

थोडी बेरीज करू, कंटाळू नका. १५,८३७ यशस्वी फेकी. त्यातली फक्त एक, वीस वर्षांत एकच, तीन गुणांची, बाकी सगळ्या दोन-दोनच्या. आणि ६,७१२ फ्री थ्रो, प्रत्येकाला एक गुण. करा हिशोब, ३८,३८७ येतात. मी सकाळी कागदावर करून पाहिलं. या वयात तोही विक्रमच.

आता वैशेषिक. आपल्या भाषेची एक मौज आहे. खेळातल्या पॉइंटला आपण 'गुण' म्हणतो, परीक्षेतल्या मार्कांनाही गुण, स्वभावातल्या चांगुलपणालाही गुण. वैशेषिकांनी चोवीस गुण सांगितले आणि त्यात चक्क 'संख्या' आहे. रंग जसा वस्तूचा गुण, तशी संख्याही. पण एक बारकावा. 'एक'पण वस्तूत असतं. 'दोन'पण आणि त्यापुढचं सगळं मात्र तेव्हा उत्पन्न होतं, जेव्हा कुणीतरी पाहतो आणि 'हा एक, हा एक' असं एकत्र धरतो. या एकत्र धरणाऱ्या बुद्धीला त्यांनी नाव दिलं 'अपेक्षाबुद्धी'. ती गेली की दोनपण गेलं. मोजणी खोटी नव्हे हं. दोन मडकी असताना तुम्हाला तीन मोजता येणार नाहीत. पण कशाकशाला एकत्र धरायचं, ते मडकी सांगत नाहीत.

(एखादा काटेकोर नैयायिक इथे हात वर करेल: संख्या द्रव्यात राहते, चेंडू टाकणं हे कर्म, कर्माला संख्या कुठली? आक्षेप बरोबर आहे. ते औपचारिक बोलणं समजा आणि मला पुढे जाऊ द्या.)

तर ३८,३८७ या आकड्यात काय एकत्र धरलंय? फक्त एनबीए, आणि तेही फक्त नियमित हंगाम. त्यानंतरच्या प्लेऑफचे, म्हणजे खरं विजेतेपद जिथे ठरतं तिथले, करीमचे ५,७६२ गुण यात नाहीत. ज्युलियस अर्व्हिंगचं पाहा. तो आधी एबीए या दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये होता. दोन्हीकडचे मिळून त्याचे ३०,०२६ गुण. एनबीएच्या वहीत त्यातले १८,३६४ च आहेत. बाकीचे चेंडू काय बास्केटमध्ये पडले नव्हते?

आणि आता ऐका. नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून मोजलं, तर करीमचे होतात ४४,१४९. लेब्रॉनने तो आकडा ओलांडला फेब्रुवारी २०२२ मध्ये, गोल्डन स्टेटविरुद्ध. म्हणजे त्या प्रसिद्ध रात्रीच्या एक वर्ष आधी! बातमी आली, पण खेळ थांबला नाही, कुटुंब मैदानात आलं नाही, चेंडू कुणी कुणाच्या हाती दिला नाही. विक्रमाचा दिवस कोणता हे फेकीने ठरलं नाही, अपेक्षाबुद्धीने ठरलं.

नातवाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे रेकॉर्ड खोटा?" नाही रे बाबा. रस्त्यावरचा मैलाचा दगड कुणीतरी रोवलेला असतो, म्हणून अंतर खोटं होत नाही. पण दोन वेगळ्या रस्त्यांवरचे दगड समोरासमोर ठेवून 'कोण जास्त चाललं' असं विचारलंत, तर आधी रस्ते पाहायला हवेत. करीम महाविद्यालयात चार वर्षं काढून बावीसाव्या वर्षी आला, लेब्रॉन शाळेतून थेट, अठराव्या वर्षी. तीन गुणांची रेषा एनबीएमध्ये आली १९७९ मध्ये, करीमची दहा वर्षं झाल्यावर. लेब्रॉनने त्या रेषेमागून त्या रात्रीपर्यंत दोन हजारांहून अधिक बास्केट केल्या होत्या. पण उलट बाजूही आहे: लेब्रॉनला तिथे पोहोचायला १,४१० सामने लागले, करीमपेक्षा दीडशे कमी. आणि तीन गुणांची फेक जास्त अंतरावरून असते, ती काही फुकट मिळत नाही. मला विचाराल तर 'मोठा कोण' हा प्रश्न मला कधी फार समजलेला नाही. चहाच्या टपरीवर तो चांगला आहे.

मला दुसरी काळजी आहे. दगड दिसायला लागला की चालणाऱ्याची चाल बदलते. चेंबरलेनच्या शंभर गुणांचा सामना घ्या: २ मार्च १९६२, हर्शी, पेनसिल्व्हेनिया, प्रेक्षक चार हजारांच्या आसपास, चलच्चित्रण नाही. शेवटी शेवटी न्यूयॉर्कचे खेळाडू विल्टला चेंडू मिळू नये म्हणून त्याच्या साथीदारांवर फाउल करत होते, आणि याचे साथीदार चेंडू परत मिळावा म्हणून न्यूयॉर्कवर फाउल करत होते. सामना १६९-१४७ असा कधीच निकालात निघाला होता. आपल्याकडे सचिनचं शंभरावं शतक आठवा, मार्च २०१२, मीरपूर. कसोटी आणि एकदिवसीय अशी बेरीज करून झालेला तो शंभराचा आकडा, वर्षभराची वाट, आणि सामना भारत हरला. २०२३ ची ती रात्रही तशीच. लेब्रॉनचे ३८ गुण, लेकर्स १३०, ओक्लाहोमा १३३. आजही किती जणांना तो निकाल आठवतो?

म्हणून शेवटी एक सामना सांगतो. सलग किती सामन्यांत दहा किंवा अधिक गुण केले, याचीही मोजणी ठेवतात. करीमची साखळी ७८७ सामन्यांची. ती डिसेंबर १९८७ मध्ये तुटली, मिलवॉकीत, जिथून त्याने सुरुवात केली त्याच शहरात. सात गुण झाले. पुढे मायकेल जॉर्डनने ती ८६६ वर नेली आणि लेब्रॉनने १,२९७ वर. २००७ पासून एकही सामना सुटला नव्हता.

४ डिसेंबर २०२५, टोरांटो. लेब्रॉन जवळ चाळिशीच्या पुढचं शरीर आणि आठ गुण. नेम काही लागत नव्हता. १२०-१२० बरोबरी, शेवटचे काही सेकंद, चेंडू त्याच्या हातात. एक बास्केट केली असती तर दहा झाले असते, साखळी चालू राहिली असती, आणि सामनाही जिंकला असता. त्याच्याकडे बचावपटू धावले. कोपऱ्यात रुई हाचिमुरा मोकळा होता.

नातवाने मला हे फोनवर सांगितलं. मी विचारलं, "मग?"

"मग काय, पास दिला. रुईने तीनचा टाकला, वेळ संपली, जिंकले."

त्या दिवसाच्या गुणपत्रकात लेब्रॉन जेम्सच्या नावापुढे आठ गुण आहेत आणि साहाय्य अकरा. अकरावं ते.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतून आधी.