उपवासाचा नियम किती कडक पाळावा?

चंदीगडच्या पश्चिमेस खरड हे गाव आहे. पंजाबातील इतर गावांप्रमाणे येथेही करवा चौथीच्या दिवशी विवाहित स्त्रिया पहाटे 'सरगी'चे जेवण घेतात आणि त्यानंतर चंद्र दिसेपर्यंत अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. उत्तरेकडील पंचांगात ही तिथी कार्तिकात येते. आपल्याकडे तोच दिवस आश्विन वद्य चतुर्थीचा असतो. महाराष्ट्रात आषाढी एकादशीला घरोघरी उपवास असतो. पण त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी आणि रात्री रताळ्याचा कीस अशी व्यवस्था बहुधा केलेली असते. पहिला उपवास अतिशय कडक, दुसरा बराच सैल. मात्र या दोहोंपैकी एकाचाही हेतू वजन कमी करणे हा नाही, आणि वजन त्यांमुळे कमी होतही नाही.

गेल्या काही वर्षांत वजन घटवण्यासाठी उपवास करण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे. 'इंटरमिटंट फास्टिंग' या नावाने ती ओळखली जाते. तिचे मुख्य प्रकार तीन आहेत. दिवसातील सोळा तास काही न खाता उरलेल्या आठ तासांत जेवणे उरकावयाची, हा पहिला. आठवड्यातून दोन दिवस अगदी थोडे खावयाचे, हा दुसरा. एक दिवसाआड उपवास करावयाचा, हा तिसरा. ही पद्धत स्वीकारणाऱ्या प्रत्येकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. सकाळी दूध-साखरेचा एक कप चहा घेतला, तर उपवास मोडला का? लग्नाच्या पंक्तीस बसलो, तर मागचे सारे वाया गेले का? नियम नेमका किती कडक पाळावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपल्या परंपरेकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

व्रतांतील पायऱ्या

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांचा सविस्तर विचार केला आहे. धर्मशास्त्रकारांनी उपवासाचा एकच कठोर नियम सर्वांवर लादला नव्हता. पूर्ण उपवास ज्याला झेपत नाही, त्याने रात्री एकदाच जेवावे, म्हणजे 'नक्त' करावे. तेही शक्य नसेल तर दुपारी एकदा जेवून 'एकभुक्त' राहावे, अशा पायऱ्या त्यांनी सांगितल्या. ज्यांच्या सेवनाने व्रतभंग होत नाही अशा गोष्टींची यादीही त्यांनी दिली. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांचा त्या यादीत समावेश आहे. एकादशीच्या नियमातून आठ वर्षांखालील मुले व ऐंशीवरील वृद्ध वगळलेले होते. इस्लाममध्येही रमझानच्या रोज्यांतून आजारी माणसास व प्रवाशास सवलत आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात.

नियम करणाऱ्यास माणसाच्या शक्तीचा अंदाज असावा लागतो, ही जाण या व्यवस्थेमागे दिसते. कालांतराने मात्र सवलतीच प्रबळ झाल्या आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण तयार झाली. एक हिशेब पाहा. पाऊण वाटी साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, दोन चमचे तूप व थोडा बटाटा घालून केलेल्या खिचडीत सुमारे ५०० उष्मांक असतात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी व पालेभाजी यांत त्याहून थोडे कमीच भरतील. शिवाय साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. त्यात प्रथिने नाममात्र असतात. म्हणजे येथे नियम अक्षरशः पाळला जातो, पण आहार मात्र घटत नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

शरीरात काय घडते

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते आणि जादा साखर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात व स्नायूंत साठवली जाते. यकृतातील हा साठा सुमारे शंभर ग्रॅमचा असतो. खाणे थांबल्यावर इन्शुलिनचे प्रमाण उतरते व यकृत आपल्या साठ्यातून रक्ताला साखर पुरवू लागते. रात्रीच्या दहा-बारा तासांत हा साठा बराच कमी होतो आणि शरीर उत्तरोत्तर अधिक प्रमाणात चरबी जाळू लागते.

हा बदल हळूहळू होतो. पंधरा तास पूर्ण होऊन सोळावा सरला की एखादा दरवाजा उघडतो, असे नाही. त्याचप्रमाणे दहा मिनिटे आधी घास घेतल्याने मागील तासांचे काम पुसले जात नाही. चहाच्या कपाने चरबी जळण्याची गती काही काळ मंदावते, एवढेच. मात्र त्या चहाचा दुसरा एक हिशेब असतो. दोन लहान चमचे साखर व थोडे दूध घातलेल्या कपात सुमारे ७० उष्मांक असतात. असे चार कप रोज झाले, तर जवळजवळ तीनशे उष्मांक पोटात गेले. एखाद्या दिवशीचा कप क्षुल्लक असतो. रोजचे चार कप क्षुल्लक नसतात.

घड्याळ आणि ताट

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा घरोघरी पोहोचली ती दोन वैद्यांमुळे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकर (निधन २००४) यांनी व्याख्यानांतून दिवसात दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याला सुटसुटीत नियमांचे रूप देऊन त्याचा मोठा प्रसार केला. खरी भूक लागेल त्या दोन वेळा ओळखाव्यात, त्याच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा याखेरीज काही घेऊ नये, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असे त्यांचे सांगणे. थोडे-थोडे अनेकदा खावे असे मानणाऱ्या आहारतज्ज्ञांनी यावर आक्षेप घेतला आणि वाद बराच गाजला.

या नियमांचे बळ त्यांच्या साधेपणात आहे. दोन जेवणांमधील फरसाण, बिस्किटे, गोड चहा हे सारे एका वाक्यात बंद होते. काही मोजावे लागत नाही. मात्र ५५ ही संख्या शरीरशास्त्राने घालून दिलेली लक्ष्मणरेषा नव्हे. इन्शुलिन प्रत्येक खाण्याला ठरावीक मापाने स्रवत नसून खाल्लेल्या अन्नाच्या स्वरूपानुसार व प्रमाणानुसार कमी-अधिक स्रवते. छप्पन्नाव्या मिनिटाला घेतलेला घास वेगळा ठरत नाही. संख्येचा उपयोग कुंपणासारखा आहे. ती ओलांडली म्हणून पीक जळत नाही.

केवळ घड्याळ पाळून किती साधते, हे तपासण्यासाठी चांगले प्रयोग झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२० मध्ये ११६ स्थूल व जादा वजनाच्या व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात, परंतु मनास येईल ते खाल्ले. दुसऱ्याने रोज तीन वेळा जेवण घेतले. पहिल्या गटाचे वजन सरासरी एक किलोच्या आसपास उतरले आणि दोन्ही गटांतील फरक नगण्य ठरला. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गटांचे उष्मांक कमी केले होते. एका गटाला शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार ही वेळेची मर्यादा होती. मर्यादा पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलो, इतरांचे ६.३ किलो घटले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. दोन्ही प्रयोग एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की, वजन मुख्यतः ताटातील प्रमाणामुळे घटते. घड्याळ हे ते प्रमाण आवरण्याचे एक साधन आहे. ज्याला त्या साधनाने आवर बसतो त्याने ते अवश्य वापरावे. मात्र त्याचे काटे तपासण्यात सारा कडकपणा खर्च करू नये.

नियम मोडतो तेव्हा

अतिशय कडक नियम फार काळ टिकत नाहीत, हेही प्रयोगांत दिसले आहे. शिकागो येथे शंभर स्थूल व्यक्तींवर झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात एका गटाला दिवसाआड उपवास सांगितला होता, तर दुसऱ्याला रोज थोडे कमी खाण्यास. वजनातील घट जवळजवळ सारखीच झाली. पण उपवासाच्या गटातील ३८ टक्के लोकांनी प्रयोग मध्येच सोडला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २९ टक्के होते. जे राहिले त्यांनीही उपवासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त आणि इतर दिवशी ठरल्यापेक्षा कमी खाल्ले, म्हणजे न सांगता आपला नियम मवाळ करून घेतला. बोस्टनमध्ये २००५ साली चार प्रसिद्ध आहारपद्धतींची तुलना झाली, तेव्हाही असेच आढळले: कोणती पद्धत घेतली यापेक्षा ती किती पाळली गेली, यावर वजनाची घट अवलंबून होती.

कडकपणाचा आणखी एक धोका मनाचा आहे. सी. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणींना प्रथम मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीमची चव तपासण्यास सांगितले. ज्या एरवी मोकळेपणाने खात, त्यांनी पोट भरल्यामुळे आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या नेहमी खाण्यावर कडक नियंत्रण ठेवीत, त्यांनी मात्र उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, आता राखावयाचे काय, ही भावना त्यामागे असावी.

या भावनेची किंमत आकड्यांत काढता येते. समजा, एक गृहस्थ रोज गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेतात. आठवड्याची तूट ३,५०० झाली. बुधवारी लग्नाच्या जेवणात तूट तर राहिलीच नाही, उलट ७०० उष्मांक अधिक गेले. गुरुवारी त्यांनी आपला क्रम पुन्हा धरला, तर रविवारअखेर २,३०० उष्मांकांची तूट शिल्लक राहते, म्हणजे मूळ तुटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. पण व्रत भंगले असे समजून ते पुढील चार दिवस पूर्ववत जेवले, तर शिल्लक ३०० च उरते. लग्नाच्या जेवणाने १,२०० उष्मांकांचे नुकसान केले. निराशेने २,००० चे. चूक ही घटना असते. ती भरून येते. चुकीवरून काढलेला निष्कर्ष अधिक महाग पडतो. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून निर्जळी उपवास करणे हेही त्याच निष्कर्षाचे दुसरे रूप होय, कारण त्या उपवासानंतरची भूक पुन्हा नियम मोडावयास लावते.

जेथे सैलपणा चालत नाही

आतापर्यंत सैलपणाची बाजू मांडली. आता उलट बाजू. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे घेणाऱ्या मधुमेह्याने वैद्याच्या सल्ल्यावाचून असा उपवास मुळीच सुरू करू नये. औषध आपले काम करीतच राहते आणि अन्न न आल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळलेपण ही तिची लक्षणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास, किंवा ही लक्षणे दिसताच, उपवास तात्काळ सोडून तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. त्यास रुग्णालयात न्यावे. रोजे ठेवणाऱ्या मधुमेह्यांनाही वैद्य हाच नियम सांगतात: साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडावा. तासांचा हट्ट येथे प्राणावर बेततो.

गर्भवती व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले-मुली, कृश व्यक्ती, आणि खाण्याविषयीच्या मानसिक विकाराचा पूर्वेतिहास असणारे यांनीही या मार्गाला जाऊ नये. वृद्धांच्या बाबतीत स्नायूंची झीज हा विशेष धोका असतो.

कडकपणा कोठे असावा

तेव्हा नियम कडक असावाच, पण तो योग्य ठिकाणी. जेवणांमधील सवयीचे खाणे, साखरेची पेये आणि तळलेले पदार्थ यांबाबत कडक असावे. डाळ, उसळ, दही, अंडी यांपैकी काही तरी प्रत्येक जेवणात असावे, याबाबत कडक असावे. त्यामुळे स्नायू टिकतात. औषधे व तपासण्या यांत तर तडजोड नसावी. वेळ मात्र तासभर पुढे-मागे झाली, आठवड्यातून एखादे जेवण नियमाबाहेर गेले, तर मनाला लावून घेऊ नये. वजनही रोज न पाहता आठवड्यातून एकदा, एकाच वेळी पाहावे. दोन महिन्यांत ते हलले नाही, तर घड्याळ अधिक आवळण्यापूर्वी ताट तपासावे.

आपण पत्करलेला नियम पुढील वर्षीही चालवू शकू का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावा. उत्तर नकारार्थी आले, तर एक पायरी खाली उतरावे. करवा चौथीचा निर्जळी उपवास निभतो, कारण त्याला रात्री चंद्राची मर्यादा असते. वजनाच्या उपवासाला असा चंद्र नाही. तो वर्षानुवर्षे चालवावयाचा असतो, आणि म्हणून तो झेपेल एवढाच कडक असला पाहिजे.