मोंमार्त्रची टेकडी आणि नायगावची चाळ

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर आज जगभरचे पर्यटक जातात. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे गरिबांची वस्ती होती आणि भाडे परवडते म्हणून चित्रकार तिथे राहायला आले. १९०४ साली पिकासो याच टेकडीवरच्या ‘बातो लावोआर’ नावाच्या मोडकळीस आलेल्या इमारतीत आला. ती इमारत १९७० साली जळाली, तेव्हा पॅरिसने ती पुन्हा उभारली!

युरोपची शहरे कलावंतांनी कशी घडविली हे आमचे प्रस्थापित विचारवंत मोठ्या कौतुकाने सांगतात. सांगोत बापडे. परंतु मुंबई कोणत्या कलावंतांनी घडविली असे विचारले की १८५७ चे जे. जे. स्कूल आणि गिरगावचे साहित्य संघ मंदिर एवढ्यावर त्यांची यादी आटोपते. परळ, लालबाग, नायगाव त्या यादीत नसतात. असणार कसे? इथला कलावंत दिवसा गिरणीत राबत होता आणि रात्री डफ हाती घेत होता.

नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. अशा खोलीत तालीम करायची कुठे? चाळीच्या मधली मोकळी जागा हेच आमचे नाट्यगृह. आंबेडकरी जलशाने ढोलकी-तुणतुणे तमाशाचेच घेतले, पण त्यातून सांगितला तो बाबासाहेबांचा विचार. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप ही नावे कोणत्या कलासंग्रहालयात दिसतात? ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांना चळवळ कळली ती या गळ्यांतून.

परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. त्याच आवारात १९२२ पासून कामगारांचे नाट्यगृह होते. नाटक आणि चळवळ यांचा असा शेजार होता. ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. पठ्ठे बापूरावांच्या लावणीने मुंबईचे वैभव गायिले होते. अण्णाभाऊंनी आपल्या लावणीत त्याच मुंबईतला उपाशी माणूस उभा केला. संयुक्त महाराष्ट्राचा लढा याच शाहिरांनी चाळीचाळींत नेला. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटनही अण्णाभाऊंनीच केले. पुढे १९७२ साली ढसाळांचे ‘गोलपिठा’ आले. गिरगावपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीतले कितीतरी शब्द प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांना ठाऊक नव्हते. त्यांनी तसे मोकळेपणाने लिहिले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण मराठी साहित्याचा नकाशा किती तोकडा होता हेही त्यातून उघडे पडले.

आणि शहर बदलले म्हणजे काय बदलले? सहा डिसेंबरला दादरला जाऊन पाहा. चैत्यभूमीपासून शिवाजी पार्कपर्यंत पुस्तकांचे, गाण्यांचे स्टॉल आणि जागोजागी गायन पार्ट्या. ही जत्रा कोणत्याही सरकारी सांस्कृतिक खात्याने उभारलेली नाही.

आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मिळालेच पाहिजे. १६० फुटांत चार पिढ्या काढणाऱ्याला चाळीचा उमाळा शिकवायला येणाऱ्यांनी आधी तिथे राहून दाखवावे. पण आराखड्यात वाहनतळाला मजले आहेत, मग जलशाच्या तालमीला एक खोली का नको? नायगावच्या नव्या इमारतींत ती मिळावी आणि तिच्या दारावर विठ्ठल उमपांचे नाव लागावे, ही मागणी रहिवाशांनी आता, इमारत उभी राहण्याआधी, लेखी करायला हवी.